फुकटचे आणि खात्रीचे

'फुकट' हा शब्द आमच्या घरात चांगल्या अर्थाने कधी वापरला गेला नाही. फुकटचे खाऊ नये, फुकट बसू नये, आणि फुकट मिळालेली वस्तू घरात घेण्यापूर्वी दोनदा उलटून पाहावी, असे आईने लहानपणापासून शिकवले. भाजीवालीने पिशवीत वरून चार काड्या कोथिंबीर टाकली तरी आई ती आधी हातात धरून बघते. अशा घरात वाढलेल्या मला एका फुकट मिळणाऱ्या वस्तूची बाजू घेऊन नऊ वडीलधाऱ्या माणसांपुढे उभे राहावे लागले. ती वस्तू म्हणजे कार्यालयात पत्रे, तक्ते आणि अहवाल तयार करण्याचे एक सॉफ्टवेअर. आज त्या प्रसंगाला वर्ष उलटून गेले. त्या आठ-दहा दिवसांत मी जे शिकले ते कोणत्याही पेपरात विचारले जाणार नाही. म्हणून ते इथे लिहीत आहे.

मी उचगावची. पुणे-बेंगळुरू महामार्गावर तावडे हॉटेलच्या चौकात उतरले की एकीकडे कोल्हापूर शहर आणि दुसरीकडे गांधीनगरची कापडपेठ. या दोहोंच्या मध्ये आमचे गाव. शहराची हद्दवाढ झाली तर आम्ही शहरात, नाही तर खेड्यात, हा वाद मी समज आल्यापासून ऐकते आहे. आबा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत मोल्डर आहेत. आई गांधीनगरात एका दुकानात कापडाच्या घड्या घालते. महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. दहावीनंतर एमएस-सीआयटी केले, मराठी टंकलेखनाची तीस शब्दांची परीक्षा दिली आणि त्या दोन प्रमाणपत्रांच्या जोरावर जवळच्या एका पतसंस्थेत संध्याकाळचे तीन तास टंकलेखनाचे काम मिळाले. बसचा पास, वह्या-पुस्तके आणि परीक्षेची फी त्यातून निघते. त्याच संस्थेत आईची पिग्मी आहे. रोज वीस रुपये. पिग्मीवाले काका दारात आले की आई पदराच्या गाठीतून नोटा काढते आणि पावती देवाच्या फोटोमागे ठेवते. म्हणजे ज्या संगणकावर मी बोटे चालवत होते, त्याच्याशी आमच्या घराच्या घामाचाही संबंध होता.

गेल्या वर्षीच्या आदल्या दसऱ्यानंतरची गोष्ट. संस्थेच्या ईमेलवर एक पत्र आले. सोबत बिल जोडले होते. आमच्या लिपिकांनी ते उघडले, तेव्हा पडद्यावर 'आतील मजकूर चालू करू का' असा काहीसा प्रश्न आला आणि त्यांनी सवयीने 'हो' म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फाईल उघडेना. प्रत्येकीच्या नावापुढे विचित्र अक्षरे लागली होती आणि पैसे भरल्यास फायली परत मिळतील अशी इंग्रजी धमकी पडद्यावर होती. सभासदांची खाती वेगळ्या संगणकावर, वेगळ्या यंत्रणेत होती म्हणून वाचली. पण वार्षिक सभेच्या नोटिसा, ठरावांची टिपणे, थकबाकीची पत्रे, तीन वर्षांचे तक्ते, सगळे गेले. वेगळी ठेवलेली प्रत कुठेही नव्हती. मी सतरा दिवस कागदांच्या गठ्ठ्यांवरून पुन्हा टंकलेखन केले. दिवाळीचा फराळ करायला आईला हात देता आला नाही.

चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. आमच्या चारही संगणकांवरचे कार्यालयीन सॉफ्टवेअर विकत घेतलेले नव्हतेच. कोणा मेकॅनिकने कधीतरी त्याची चोरटी प्रत घालून दिली होती, आणि ती चालावी म्हणून संगणकाचे राखणदारही बंद करून ठेवले होते. तिची दुरुस्ती कधी झालेली नव्हती. लोकांच्या ठेवींची राखण करणारी संस्था आपली कागदपत्रे चोरीच्या कुलपात ठेवत होती, आणि आम्हा कोणालाच त्याची लाज वाटली नव्हती.

परवान्यासह नवे घ्यायचे तर चार संगणकांचा खर्च ऐकून व्यवस्थापकसाहेब गप्प झाले. तेव्हा मी भीतभीत म्हणाले, "साहेब, आमच्या कॉलेजच्या संगणक कक्षात लिब्रेऑफिस आहे. ते कायद्याने फुकट मिळते. मराठीही नीट चालते." साहेबांनी ते संचालक मंडळाच्या बैठकीत मांडले आणि मला दारापाशी उभे केले.

एका वयस्क संचालकांनी चष्मा वर करून विचारले, "पोरी, ह्ये फुकट मिळतंय म्हणतीस, मग ह्येची ग्यारंटी कोन देनार?"

मी सरांकडून ऐकलेले सांगितले, की हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांचे मूळ लिखाण जगात कोणालाही वाचता येते, त्यात लपवाछपवी नाही.

"म्हंजे दार उघडंच की! चोराला घराचा नकाशाच दिला म्हणा!"

सगळे हसले. दुसऱ्या एकांनी पुण्याच्या कॉसमॉस बँकेची आठवण काढली. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये संगणकाच्या मार्गाने पळवले गेले होते आणि त्यातली काही रक्कम आमच्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही निघाली होती. त्या घटनेचा पत्रे लिहिण्याच्या सॉफ्टवेअरशी काही संबंध नव्हता हे मला आज ठाऊक आहे. त्या दिवशी ठाऊक नव्हते. मी काहीच बोलू शकले नाही. शेवटी चेअरमन, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणाले, "पुढच्या बैठकीला लिहून आण. सुरक्षित हाय म्हणतीस, तर का सुरक्षित हाय ते सांग. पटलं तर घेऊ."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या शब्दावर संस्थेने हे घेतले आणि उद्या पुन्हा तसेच घडले, तर नाव माझे जाणार होते. आबा एवढेच म्हणाले, "तुला स्वतःला पटलंय का? का कॉलेजात ऐकलंस म्हणून बोललीस?" खरे उत्तर दुसरे होते.

मग मी आमच्या सरांकडे गेले, ग्रंथालयात बसले, मिळेल ते वाचले. पहिला प्रश्न होता, ही वस्तू मुळात कोणाची? तिचा इतिहास मला गोष्टीसारखा वाटला. १९८० च्या दशकात जर्मनीत मार्को बोरिस नावाच्या, विशीही न गाठलेल्या मुलाने स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. तिचे स्टारऑफिस १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन कंपनीने विकत घेतले आणि २००० साली त्याचे मूळ लिखाण सर्वांसाठी खुले केले. त्याला ओपनऑफिस हे नाव मिळाले. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली. तेव्हा ते घडवणाऱ्यांपैकी अनेकांना भविष्याची काळजी वाटली. त्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये तेच लिखाण घेऊन वेगळी चूल मांडली. ते लिब्रेऑफिस. आज त्याचा सांभाळ बर्लिनची द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था करते. स्वयंसेवक आणि काही कंपन्यांचे पगारी अभियंते मिळून ते काम चालवतात. मालक तीनदा बदलले, पण वस्तू लोकांच्या हातून गेली नाही, कारण मूळ लिखाण लोकांकडेच होते. कंपनी बुडाली, विकली गेली, किंवा तिने भाव वाढवला, तर आपली कागदपत्रे अडकून पडणार नाहीत, ही सुद्धा एक सुरक्षितता आहे हे मला प्रथमच कळले.

त्यावरून संस्थेतल्या जुन्या फायली आठवल्या. पूर्वी मराठी टंकलेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये होई. तो फॉन्ट संगणकावर नसला की आपलाच ठराव परग्रहावरच्या अक्षरांत दिसतो. कुलूप शाबूत, तिजोरी शाबूत, पण आतला कागद वाचता येत नाही! लिब्रेऑफिस ज्या स्वरूपात फाईल साठवते त्या ओडीएफला २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता मिळाली आहे. त्याची रचना जाहीर आहे. उद्या दुसरे कोणतेही सॉफ्टवेअर ते वाचू शकते. सोबत मराठी युनिकोडमध्ये लिहिले, तर माझ्यानंतर त्या खुर्चीवर येणाऱ्या मुलीला माझी पत्रे वाचता येतील.

पण त्या संचालकांचा प्रश्न अजून तसाच होता. लिखाण सर्वांना दिसते म्हणजे चोरालाही दिसते. मग ते सुरक्षित कसे?

त्याचे अर्धे उत्तर मला मामांच्या रानात मिळाले. रविवारी मी त्यांच्या गावी गेले होते. हंगाम चालू होता, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने डुलत चालल्या होत्या. मामा नेहमीच्या विषयावर आले, काटा. ऊस कारखान्यात जातो, काट्यावर चढतो, पडद्यावर आकडा उमटतो, आणि शेतकरी तो आकडा घेऊन घरी येतो. "पूर्वी लोखंडी काटा हुता, तवा दांडी तरी दिसायची," मामा म्हणाले. "आता डबा हाय. डब्यात काय हाय, कुनाला ठावं? आकडा खरा असंल बी. पन मला बगाया न्हाई मिळत, म्हणून माझा जीव लागत न्हाई." म्हणूनच काही शेतकरी ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून नेतात, वैधमापन खात्याने अचानक काटे तपासावेत अशी मागणी दरवर्षी होते. मामांना कारखाना चोरच आहे असे म्हणायचे नव्हते. आपल्या वतीने कोणीतरी डबा उघडून बघावे, एवढेच त्यांचे मागणे होते.

ट्रॉलीकडे पाहता पाहता माझ्या मनात आले, की बंद सॉफ्टवेअर हा असाच डबा आहे. तो चांगला असेलही. मोठ्या कंपन्या हुशार माणसे ठेवून त्याची तपासणी करतातही. पण आपण फक्त त्यांचा शब्द घ्यायचा. मुक्त स्रोतात डबा उघडा आहे. मला तो वाचता येत नाही, जसा मामांना काट्याच्या आतला भाग कळणार नाही. पण ज्याला कळतो त्याला अडवणारे कोणी नाही, आणि तो एकाच मालकाचा नोकर असण्याची गरज नाही.

उरलेले अर्धे उत्तर आबांनी दिले. मी वाचताना एक अवघड गोष्ट माझ्यासमोर आली होती. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल नावाच्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये मोठे भगदाड सापडले. त्याला हार्टब्लीड असे नाव पडले. जगातील असंख्य संकेतस्थळे आपली गुपिते राखण्यासाठी ते वापरत होती, आणि ते भगदाड दोन वर्षे उघड्या लिखाणात पडून होते. कोणी पाहिले नव्हते! २०२४ मधली गोष्ट तर त्याहून भयंकर. एक्सझेड नावाच्या लहानशा साधनात एका टोपणनावाच्या माणसाने दोन-अडीच वर्षे गोड वागून, कामे करून विश्वास मिळवला आणि मग हळूच चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या संगणकावर आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. तो त्याचा माग काढत गेला आणि सगळे बिंग फुटले. तो स्वतः नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होता. पण लिखाण उघडे असल्यामुळे त्याला ते उकलता आले. ग्रामसभा सर्वांना खुली असते, पण गणपूर्तीअभावी किती सभा तहकूब होतात हे आपण जाणतोच. उघडे आहे म्हणजे कोणीतरी पाहतेच आहे, असे नव्हे.

मी हिरमुसून आबांना म्हणाले, "यातही दोष निघतात. मग मी काय सांगू?"

आबा त्या दिवशी दुसऱ्या पाळीहून आले होते. हातावरची काळी माती साबणानेही गेली नव्हती. ते म्हणाले, "कास्टिंगमध्ये ब्लोहोल असतंयच कुठंतरी. ओतताना हवा अडकती. वरनं गुळगुळीत दिसतंय, मशीनवर चढलं की भोक दिसतंय. जो म्हणतो आमच्या मालात ब्लोहोलच न्हाई, त्येचा माल घेऊ नये. जो कापून दावतो, हे बघा हितं गावलं, असं भरलं, पुढच्या वक्ताला असं वतनार, त्येचा घ्यावा."

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायला बसले, पण आता वेगळा प्रश्न घेऊन. लिब्रेऑफिसमध्ये दोष सापडले तेव्हा त्यांनी काय केले? २०१९ चे एक उदाहरण मिळाले. त्यात लहान मुलांना कासव फिरवून चित्रे काढायला शिकवणारा लिब्रेलोगो नावाचा भाग आहे. त्याच्या आडून एखादी फसवी फाईल वापरणाऱ्याला न विचारता संगणकावर हुकूम चालवू शकते, असे संशोधकांनी दाखवून दिले. दुरुस्ती झाली. ती अपुरी आहे असेही दाखवले गेले. पुन्हा दुरुस्ती झाली. आणि हे सगळे, पहिली दुरुस्ती अपुरी पडल्याच्या कबुलीसह, त्यांनी स्वतःच क्रमांक देऊन जाहीर केले. आबांच्या भाषेत, त्यांनी कापून दाखवले होते.

आणखी एक माणूस मला या शोधात भेटला आणि तो चक्क आपल्यासारखा भाषेचा निघाला. ऑग्युस्त केर्कहॉफ्स, मूळचा हॉलंडचा, पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवणारा. १८८३ मध्ये त्याने लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना असे प्रतिपादले, की गुप्तलेखनाची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुपित फक्त किल्लीत असावे. आजचे संगणकशास्त्र तेच तत्त्व मानते. ते वाचले आणि मला आमच्या संस्थेची तिजोरी डोळ्यांसमोर दिसली.

बैठकीच्या दिवशी माझे हात थंड पडले होते. दोन पानांचे टिपण होते, पण वाचायला लागले आणि आवाज फुटेना. तेव्हा कागद बाजूला ठेवून मी त्या वयस्क संचालकांनाच विचारले, "आजोबा, आपली तिजोरी ज्या कारखान्यात बनली, तिथल्या कामगारांना ती कशी उघडते-मिटते हे ठाऊक असेल ना?"

"असंलच की."

"मग ते येऊन उघडतील का?"

"किल्ल्या आपल्याकडं हायती. एक साहेबाकडं, एक कॅशियरकडं."

"हे तसेच आहे. कुलूप कसे बनले हे सगळ्यांना दिसते, म्हणून ते कच्चे असेल तर लवकर कळते. किल्ली म्हणजे आपला पासवर्ड आणि आपली फाईल. ती उघडी नाही. ती आपल्याकडेच असते."

कोणी हसले नाही. मग मी सगळे सांगितले. काटा सांगितला, ब्लोहोल सांगितले. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरण्याचे धोरण जाहीर केल्याचे, केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग पूर्वीच धरल्याचे, जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणक लिब्रेऑफिसवर नेण्याचा निर्णय घेतल्याचे सांगितले. त्याच जर्मनीतले म्युनिक शहर अनेक वर्षे या वाटेने जाऊन २०१७ मध्ये मागे वळले, हेही सांगितले. साहेबांनी माझ्याकडे डोळे वटारले. पण मला वाटले, आज एक गोष्ट झाकली तर उद्या माझे बाकीचे शब्दही बंद डब्यासारखे होतील.

शेवटी मी म्हणाले, "आपल्या फायली गेल्या त्या सॉफ्टवेअर विकतचे की फुकटचे यामुळे गेल्या नाहीत. आपण चोरीची प्रत वापरली, दुरुस्ती केली नाही, आलेल्या फाईलला 'हो' म्हटले आणि दुसरी प्रत ठेवली नाही. हे चारही तसेच राहिले तर लिब्रेऑफिसही वाचवणार नाही." फाईलच्या पोटात ज्या आज्ञा लपवता येतात त्यांना मॅक्रो म्हणतात. १९९९ मध्ये मेलिसा नावाचा विषाणू असाच साध्या दस्तऐवजातून जगभर पसरला होता. लिब्रेऑफिसमध्ये अनोळखी मॅक्रो मुळातच अडवलेले असतात. ती अडवणूक कोणी काढू नये असे मी सुचवले. सॉफ्टवेअर फक्त अधिकृत ठिकाणाहून घ्यावे, महिन्यातून एकदा नवी दुरुस्ती आली का ते पाहावे, रोजच्या फायलींच्या दोन प्रती करून एक तिजोरीत ठेवावी, आणि परवान्याचे जे पैसे वाचतील त्यातले थोडे जाणकाराकडून वर्षातून दोनदा तपासणी करून घेण्यासाठी राखावेत, असेही लिहिले होते.

अण्णा बराच वेळ टिपणाकडे पाहत होते. मग म्हणाले, "सहकाराच्या कायद्यानं सभासदाला संस्थेचा ताळेबंद बघायचा हक्क दिलाय. दरसाल ऑडिट व्हतंय. वह्या उघड्या हायत म्हणून लोक आपल्याकडं पैसा ठेवत्यात; झाकल्या तर ठेवतील का? ह्ये पोरगीचं सॉफ्टवेअर आपल्या पतसंस्थेसारखंच हाय म्हणा की." आणि थोडे थांबून, "फक्त ऑडिट करनारा जागा पायजे."

मी आठ दिवस ज्या शब्दांसाठी धडपडत होते, ते अण्णांनी दोन वाक्यांत सांगून टाकले.

ठराव सहा महिन्यांच्या प्रयोगाचा झाला, तोही दोन संगणकांवर. त्या आजोबांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला लावला आणि तो मीच टंकलिखित केला. सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. बाहेरून येणाऱ्या काही तक्त्यांच्या रेघा हलत. मॅक्रो असलेले काही नमुने चालतच नसत. त्यासाठी एका संगणकावर परवान्यासह दुसरे सॉफ्टवेअर विकत घेतले. लिपिक पहिला महिनाभर माझ्यावर चिडून होते. पण आज तीन संगणकांवर लिब्रेऑफिस आहे, चोरीची प्रत एकावरही नाही, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुरुस्ती पाहून मी वहीत सही करते. रोज संध्याकाळी कॅशियर रोकड आत ठेवतात तेव्हा त्यांच्या हातात एक लहान डिस्कही असते. परवा ते विरोध नोंदवणारे आजोबा काउंटरवर आले आणि म्हणाले, "काय गं, तुझं उघडं दार अजून शाबूत हाय न्हवं?" मी म्हणाले, "आहे. पण मी रोज बघते." ते म्हणाले, "तेच मोठं."

आता कधी कधी वाटते, 'फुकट' या शब्दाचा आपण फार गोंधळ केला आहे. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या फुकट शिक्षणाला कोणी कमअस्सल म्हणत नाही. त्याचे मोल कोणीतरी भरलेच होते. ते फक्त शिकणाऱ्याकडून घेतले नव्हते. माझ्या पणजोबांना मात्र त्या शाळेत जाता आले नाही, आणि पुढच्या दोन पिढ्या चौथी-सातवीच्या पुढे गेल्या नाहीत. म्हणून असेल, फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल माझ्या मनात आता संशय येत नाही. आपल्याकडे काहीतरी देणे लागते आहे, असे वाटते.

लिब्रेऑफिसचा मूळ कोड मला वाचता येत नाही. मी मराठी घेऊन बी. ए. करणारी मुलगी आहे. पण त्याच्या मराठी रूपात काही ओळी अजून इंग्रजीतच आहेत, आणि त्यांना मराठी शब्द सुचवण्याची सोय कोणालाही खुली आहे. गेल्या महिन्यात एका रात्री अभ्यास संपल्यावर मी चार ओळींसाठी शब्द सुचवले. एका शब्दासाठी आबांना विचारले, एकासाठी सरांना. जगातल्या त्या हजारो डोळ्यांत दोन डोळे उचगावचेही असावेत, एवढाच हेतू.

देवाच्या फोटोमागच्या पावत्यांचा गठ्ठा आता जाड झाला आहे. आईला मी हे सगळे सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, "म्हंजे आपला पैसा खात्रीनं ऱ्हाईल न्हवं?" मी लगेच 'हो' म्हणाले नाही. म्हणाले, "बघत राहिलो तर राहील." आईने मान हलवली आणि दाराशी आलेल्या पिग्मीवाल्या काकांना वीस रुपये दिले. मग त्यांच्या हातातली पावती घेऊन तिने नेहमीप्रमाणे आकडा दोनदा पाहिला.